मित्रासाहेबांची पाटी

ऑफिसातल्या तापसदांनी संदेश मिठाईचा डबा टेबलावर ठेवला, तेव्हाच कालिंदीने ओळखलं की यादीतलं आणखी एक नाव गेलं.

“कोण?”

“आधी तोंड गोड करा, दीदी.”

“तापसदा, या ऑफिसात कुणी गोड वाटलं की माझं काम वाढतं. कोण ते सांगा.”

“मित्रासाहेब. बढती मिळाली. गुवाहाटी. पुढच्या सोमवारी चार्ज सोडणार.”

कालिंदीने खणातून यादी काढली. सहावी यादी, नुकतीच मंजूर होऊन आलेली. अजेय मित्रा, संचालक, आपल्या बाजूचे सहअध्यक्ष. तिने पेन्सिल उचलली, नावावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. आधीच्या पाच याद्यांत ही पेन्सिल अकरा वेळा फिरली होती. आठ बदल्या, दोन निवृत्त्या आणि एक गृहस्थ सुट्टीवर कॅनडाला मुलाकडे गेले ते परतलेच नाहीत.

“चार ऑगस्ट,” ती स्वतःशीच म्हणाली. “एकोणतीसला मुदत. मधे पंचवीस दिवस.”

“आणि लागतात तीस,” तापसदांनी बेरीज पुरी केली आणि स्वतः एक संदेश तोंडात टाकला.

कालिंदी ठोसर म्हणजे सॉल्ट लेकमधल्या एका केंद्र सरकारी कार्यालयातली अनुभाग अधिकारी. वय एकोणसाठ. नवरा अरुण बँकेत होता, त्याच्या बदलीमागोमाग स्वतःची बदली मागून घेऊन एकोणीस वर्षांपूर्वी पुण्याहून कलकत्त्याला आली. बंगाली इतकं छान शिकली की रागावतानाही तिला शब्द शोधावे लागत नाहीत. साहेबलोक तिला ‘आमचा आधारस्तंभ’ म्हणतात. ज्याला बढती द्यायची नसते त्याला आपल्याकडे असं काही म्हणण्याची पद्धत आहे.

दोन वर्षांपूर्वी आपलं सरकार आणि उत्तरेकडचा एक छोटासा थंड देश यांच्यात विकास-सहकार्याचा भागीदारी करार झाला. त्याच्या जोडपत्रात कालिंदीच्या टेबलाच्या वाट्याला एकच काम आलं: बजबजच्या ज्यूट गिरण्यांतल्या कामगारांसाठी फुफ्फुस तपासणी केंद्र. तागाची धूळ छातीत बसते. माणूस पन्नाशीत जिना चढताना थांबतो, आणि मग एके दिवशी जिनाच सोडून देतो. तो देश यंत्रं देणार, ती चालवायला शिकवणार. आपण जागा द्यायची, माणसं द्यायची. फक्त यंत्राचा पहिला स्क्रू बोटीवर चढायच्या आधी दोन्ही बाजूंची एक संयुक्त समिती व्हायला हवी. पाच इकडचे, पाच तिकडचे. करारावर सही झाल्यापासून चोवीस महिन्यांत तिची पहिली बैठक झाली नाही, तर ते काम करारातून आपोआप रद्द. कलम सात.

चोवीस महिने! ज्या शहरात चार माणसं चहाला थांबली तर पाचवा येईपर्यंत अध्यक्ष, सचिव आणि विसर्जन उपसमिती ठरलेली असते, त्या शहरात दहा नावांची एक समिती चोवीस महिन्यांत होत नव्हती.

अडत कुठे होतं, तर आपली बाजू खुर्ची नेमते आणि पलीकडची बाजू माणूस नेमते. कालिंदीने पहिली यादी पाठवली ती आपल्या रीतीने, म्हणजे नुसते हुद्दे. पलीकडची समन्वयक आन्या हिचं विनम्र पत्र आलं, की हुद्दा बैठकीला कसा येईल? नाव कळवावं, सोबत परिचय आणि छायाचित्र. कालिंदीने नावं कळवली. ती नावं मंजूर होऊन येईपर्यंत दोन खुर्च्यांवरची माणसं बदलली. बदललेलं नाव कळवलं की पलीकडे तीस दिवसांची नोटीस, त्यांची संमती, मग नवी यादी लागू. दहाच्या दहा नावं लागू असल्याशिवाय बैठक बोलावता येत नाही. आपल्याकडे तीस दिवसांत एक तरी माणूस हलतोच. त्यात ते लोक जुलैभर सुट्टीवर, आणि आपण दुर्गापूजेच्या महिन्यात असून नसल्यासारखे. मुदत वाढवून द्या म्हणून तिने दिल्लीला दोनदा लिहिलं होतं. दोन्ही पत्रं ‘विचाराधीन’ होती. तिथे विचार कोण करत होतं, त्याचंही नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. सबिता मंडल. बजबजच्या नगरपालिकेच्या दवाखान्यातली नर्स. ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करायची आणि एकच विचारायची.

“दीदी, कमिटी झाली?”

“होते आहे, सबिता.”

“क्लबवाले आज परत आले होते. पूजेच्या मांडवाचे बांबू ठेवायला ती खोली हवी म्हणतात. दोन वर्षं कुलूप लावून बसलीस, कोणता देव ठेवलायस आत, असं विचारतात.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, परदेशी देव आहे. यायला वेळ लागतो.”

कालिंदी हसली नाही. दोन वर्षांपूर्वी ती जागा बघायला गेली होती, तेव्हा सबिताने त्या खोलीच्या फरशीवर खडूने चौकोन आखून घेतला होता. इथे यंत्र, इथे स्टूल, इथे माझं टेबल. मग तिने आपली वही दाखवली होती. दोनशे चौदा नावं. वय, गिरणीतलं खातं, खोकला किती वर्षांचा. “नुसती लिहून ठेवते,” ती म्हणाली होती. “यंत्र आलं की कुणाला आधी बोलवायचं ते ठरलेलं असावं.” आणि कालिंदीने, जी सरकारी नोकरीत छत्तीस वर्षांत कुणालाच कशाचाच शब्द देऊ नये एवढं शिकली होती, तिने शब्द दिला होता. खोली ठेव, यंत्र येईल.

फोन ठेवल्यावर तिने करारातलं समितीचं कलम पुन्हा वाचायला घेतलं. शंभरदा वाचलेलं. पण आज राग इतका होता की ती एकेक शब्द भांडायला आल्यासारखा वाचत होती. ‘सदस्य नावाने नेमले जातील आणि बदल कळवला जाईपर्यंत सदस्य राहतील.’

बदल कळवला जाईपर्यंत.

तिने पेन्सिल खणात टाकली आणि खण लावला.

मित्रासाहेब चांगले होते. म्हणजे फायली अडवत नसत, चालवतही नसत. कालिंदीचं म्हणणं त्यांना दोनदा सांगावं लागलं.

“म्हणजे मी गुवाहाटीला जाऊनही इथला सदस्य?”

“करारात खुर्ची कुठेच नाही, सर. तुमचं नाव आहे. नाव घेऊनच जाताय ना गुवाहाटीला?”

“आणि नवा संचालक येईल तो?”

“तो इथला संचालक. समितीत तुम्ही. बैठक एकदा होऊ दे, मग रीतसर बदल कळवू. सव्वीस तारीख, दुपारी दोन. तुम्ही फक्त लॅपटॉपसमोर बसायचं.”

मित्रासाहेबांनी तारीख डायरीत लिहून घेतली. “मिसेस ठोसर, ही गोष्ट तुम्हाला चोवीस महिन्यांत आज सुचली?”

तिलाही तेच टोचत होतं. अकरा बदल तिने अकरा वेळा इमानदारीने कळवले होते. कुणी विचारलं नसताना.

घरी अरुण मराठी मंडळाच्या गणपतीची कामं वाटत बसला होता. निवृत्त झाल्यापासून त्याने कलकत्त्यातल्या सगळ्या मराठी घरांचे फोन नंबर पाठ केले होते.

“आमची कमिटी वीस मिनिटांत झाली,” तो म्हणाला. “त्यातली दहा मिनिटं माझा राजीनामा नामंजूर करण्यात गेली.”

“दरवर्षी देतोस कशाला?”

“दिला नाही तर मंजूर होईल.”

तिने त्याला आपली युक्ती सांगितली. अरुणने ऐकताना हातातली यादी बाजूला ठेवली, म्हणजे त्याला पटली होती. बँकेतल्या माणसाला कागदातली फट दाखवली की त्याचा चेहरा खुलतो.

“झकास. फक्त नव्या साहेबाला आधी सांगून ठेव.”

“मुळीच नाही. नवा माणूस. पहिल्याच आठवड्यात कानावर घातलं, तर तो म्हणेल नियमात बघतो. नियमात बघायला लागला की सप्टेंबर.”

“कालिंदी, अंधारात ठेवलेला माणूस कुठे पाय टाकेल सांगता येत नाही.”

“तू तुझे मोदक मोज.”

नवे संचालक चंद्रकांत इंगोले चौदा तारखेला हजर झाले. वाशिमकडचे, पंचेचाळिशीचे, कोऱ्या वहीसारखे नीटनेटके. कालिंदीचं आडनाव ऐकून त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. “इतक्या दूर आपलं माणूस! मॅडम, मला तर वाटलं होतं इथे मराठी बोलायला तोंड आंबून जाईल.” दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोने दिलेला ठेचा तिच्यासाठी बाटलीतून आणला. आठवडाभरात दोन वर्षं बंद पडलेलं पाण्याचं मशीन दुरुस्त करून घेतलं. कामसू, सभ्य आणि लक्ष घालणारा साहेब. कालिंदीने छत्तीस वर्षांत असे तीन पाहिले होते. हा चौथा, आणि नेमका आत्ता.

“मॅडम, सव्वीसला काही विदेशी बैठक आहे म्हणे?”

“हो सर. ठरलेली आहे. तुम्ही फक्त स्वागताचे दोन शब्द बोला. बाकी माझं मी बघते.”

“बघा हं. माझी काही मदत?”

“नको, सर,” ती म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

पंचवीसला सभागृह तयार झालं. पाच सदस्यांतले दोघे कलकत्त्यात, तिघे बदलून गेलेले, मित्रासाहेब गुवाहाटीला आणि याच महिन्यात हललेले दोघे चेन्नई आणि रांचीला; त्यांचेही बदल तिने कळवले नव्हते. त्या तिघांच्या खुर्च्यांसमोर एकेक लॅपटॉप. पलीकडच्या बाजूची एक अट होती, की समितीतल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या जागेसमोर दिसायला हवं. छापखान्याचा माणूस आलाच नाही. तेव्हा कालिंदीने जाड पांढऱ्या कार्डांच्या घडीच्या पाट्या स्वतः केल्या. तंबूसारख्या उभ्या राहणाऱ्या. काळ्या शाईत, रेघ आखून, एकेक अक्षर दोनदा गिरवून. पाच सदस्यांच्या आणि सहावी तिची स्वतःची, सदस्य सचिव. छत्तीस वर्षांत तिचं नाव पहिल्यांदाच टेबलाच्या वर आलं होतं. पाटी ठेवून ती दोन पावलं मागे सरकली, मग पुढे होऊन ती किंचित तिरकी केली, म्हणजे कॅमेऱ्याला बरी दिसेल. मित्रासाहेबांची पाटी मधल्या मोठ्या खुर्चीसमोर. साडेपाचला ती घरी गेली.

सव्वीसला सकाळी साडेनऊला ती सभागृहात शिरली, तर मोठ्या खुर्चीसमोर वेगळी पाटी. निळ्या शाईत, टापटीप अक्षरात: चंद्रकांत इंगोले.

बाजूच्या स्टुलावर मित्रासाहेबांची पाटी घडी मिटवून ठेवलेली होती. कुणी नीट, मान राखून ठेवतं तशी.

इंगोले मागून आले. हसत. “मॅडम, काल साडेसहाला सहज डोकावलो म्हणून बरं झालं. जुन्या साहेबांचीच पाटी राहिली होती. कामाच्या धबडग्यात होतं असं. आज सगळ्या विदेशी लोकांसमोर तुमचीच फजिती झाली असती.”

“सर,” ती म्हणाली, “फक्त पाटीच बदलली ना?”

“नाही न. फाइल काढून पाहिली तर यादीतही तेच नाव. मग म्हटलं, मॅडमना आता घरून बोलवायचं नाही, आपणच करून टाकू. त्या आन्यामॅडमना ई-मेल टाकला. मित्रा बदलून गेले, त्यांच्या जागी मी. परिचय, फोटो, सगळं जोडलं.” ते थांबले. “का? फोटो ठीक नव्हता का?”

कालिंदी खुर्चीवर बसली. कुणाची खुर्ची ते तिने पाहिलं नाही.

आन्याचं उत्तर साडेबाराला आलं. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ होते. श्री. इंगोले यांचं स्वागत. बदलाची नोंद झाली असून तीस दिवसांची मुदत आजपासून सुरू होत आहे. यादी अपूर्ण असल्याने आजची बैठक घेता येणार नाही याचं मनापासून दुःख आहे. कालिंदीने फोन लावला. तो ई-मेल मागे घेतो म्हणून सांगितलं. आन्याचा आवाज खरंच रडवेला होता. मागे घेणं हाही एक बदलच होतो, ती म्हणाली. त्यालाही तीस दिवस.

इंगोल्यांना सगळं समजायला पंधरा मिनिटं लागली. समजल्यावर त्यांचा चेहरा शाळेत पहिल्यांदा छडी खाल्लेल्या हुशार मुलासारखा झाला.

“मला सांगितलं असतं तर!” ते म्हणाले. “ताई, एका शब्दानं सांगितलं असतं तर मी त्या खोलीकडे फिरकलोही नसतो.”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणालो असतो,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “पहिल्यांदा म्हणालोच असतो. मग तुम्ही ते केंद्र काय, कोणासाठी, ते सांगितलं असतं. माझा मामा अकोल्याच्या जिनिंगमध्ये होता, ताई. कापसाच्या धुळीनंच गेला.”

छत्तीस वर्षांत तिने साहेब वाचायची कला कमावली होती. दालनात पाय टाकला की कोण अडवणार, कोण ढकलणार, ती सांगू शकत असे. या माणसाला मात्र तिने उघडूनच पाहिलं नव्हतं. बाहेरूनच ठरवून टाकलं.

दोन वाजता गुवाहाटीहून मित्रासाहेब पडद्यावर आले. टाय लावून. “मी दिसतोय का?” त्यांनी विचारलं. “मिसेस ठोसर, मी दिसतोय ना?” तापसदांनी जाऊन लॅपटॉप मिटला.

एकोणतीसला संध्याकाळी मुदत संपली. आवाज वगैरे काही झाला नाही. इंगोल्यांनी तीन दिवसांत दिल्लीला सात फोन केले. सातव्याला पलीकडचा माणूस म्हणाला, नवीन करार होईल तेव्हा जरूर सुचवा.

शनिवारी कालिंदी करुणामयीहून मेट्रोने सियालदाला आली आणि बजबजची गाडी धरली. फोनवर सांगता आलं असतं. अरुण म्हणालाही तसं, आणि मग तिची पाण्याची बाटली भरून देताना आणखी काही बोलला नाही. ‘मी म्हटलं होतं’ हे त्याने म्हटलं नाही. तीस वर्षांच्या संसारात एवढी बचत त्याने प्रथमच केली.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर माणसं बसली होती. बहुतेक पुरुष, खांदे वर ओढलेले, श्वास घेण्यासाठी खांद्यांचीही मदत लागते तसे. सबिता एकेकाच्या हातात प्लास्टिकची एक नळी देत होती. जोरात फुंकर मारायची, काटा सरकतो, आकडा वहीत लिहायचा. तेवढं एकच साधन.

कालिंदीला बघून ती उठली. चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारायचं ते तिने विचारलंच नाही.

“चहा घ्याल, दीदी?”

“सबिता, कमिटी झाली नाही. आता होणार नाही. माझ्या चुकीने.”

सबिताने कमरेची किल्ली काढली आणि खोली उघडली. खडूचे चौकोन अजून होते. पुसट झाले की ती परत आखत असावी, कारण त्यातली एक रेघ ताजी होती. दोघी दारातच उभ्या राहिल्या. आत गेलं तर त्या रेघांवर पाय पडला असता.

“क्लबवाल्यांना सोमवारी बोलावते,” सबिता म्हणाली. “बांबू तरी कोरडे राहतील.”

“वहीत आता किती?”

“दोनशे एकतीस. पण पहिल्या दोनशे चौदातले एकोणीस नाहीत.” तिने दाराला कुलूप लावलं नाही, नुसतं ओढून घेतलं. “माझ्या यादीतही नावं बदलतात, दीदी. माझ्याकडे तीस दिवस थांबावं लागत नाही, एवढंच.”

ती कुत्सितपणे बोलली नव्हती. तसं बोलली असती तर कालिंदीला बरं वाटलं असतं.

बाकावरचा पहिला माणूस खोकत होता. सबिता टेबलाशी परतली आणि खण उघडून बघू लागली. “कार्डं संपली. आकडा लिहून द्यावा लागतो, मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला. महिना झाला मागणी करून.”

कालिंदीने पिशवीत हात घातला. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून निघताना तिने त्या पाट्या का उचलल्या, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिथे केराच्या टोपलीत बघवल्या नसत्या, एवढंच. सात होत्या. तिने केलेल्या सहा आणि इंगोल्यांनी स्वतः केलेली एक. चांगलं जाड कार्ड, आतली बाजू कोरी.

“कात्री आहे?”

तिने पाट्या घडीवर कापल्या. आधी मित्रासाहेब, मग इंगोले, मग बाकीचे. स्वतःची शेवटी. सातांचे चौदा तुकडे झाले. मग बाकावरचा पहिला माणूस तिच्यासमोर स्टुलावर बसला, आणि तिने पेन उघडून त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. तिने ते कोऱ्या बाजूवर लिहिलं, रेघ नसताना सरळ, एकेक अक्षर दोनदा गिरवून. खाली वय, खाली आकडा. त्याने कार्ड उलटून पाहिलं. मागे काळ्या शाईत कुणाचं तरी नाव होतं.

“हे कोण, दीदी?”

“कुणी नाही. ते बदलून गेले.”

बाकावर अकरा जण होते. अकरा कार्डं झाली, तेव्हा दुपार कलली होती. उरलेले तीन तुकडे तिने परत पिशवीत टाकायला घेतले.

“असू देत इथेच,” वहीतून मान वर न करता सबिता म्हणाली. “सोमवारी लागतील.”